ट्रायल

"किती लांब?" हकीमुद्दीनभाईंनी विचारलं,
हाताचं ग्रीस फडक्याला पुसत.
वारज्याहून डेक्कन. रोज. साडेआठला.
"म्हणजे जाताना उतार, येताना चढ,"
पत्रिका पाहिल्यासारखं म्हणाले.
"मुलासाठी ना?"
नाही. माझ्यासाठी.
ते काही बोलले नाहीत,
फक्त सीट दोन बोटं खाली घेतली.

एकवीस गिअरची एक होती, काळी,
टायर असे की निघालीच लडाखला.
मला करिश्मा चौकातला सिग्नल गाठायचाय
लाल व्हायच्या आत.

बसच्या तिकिटामागची यादी काढली:
चेनकव्हर हवं, एक सलवार पूर्वी गेलीय.
पुढे बास्केट, डबा उभा राहील अशी.
आमटी आडवी झाली की
अख्ख्या ऑफिसला कळतं.

गुडघा यादीत नव्हता.
तरी त्यांनी विचारलंच, "कुठला दुखतो?"
डावा.
काळी मागे ढकलली त्यांनी
आणि कोपऱ्यातून ओढून काढली एक हिरवी,
बिनदांडीची, घंटीवर जरा गंज.
"बोळाच्या टोकापर्यंत जाऊन या.
पर्स ठेवा इथे."

पहिला पाय हवेतच गेला.
दुसऱ्याला आठवलं.

कांद्याचा टेम्पो, एक झोपलेलं कुत्रं,
मग टोक. इथून वळायचं होतं.
लक्ष्मी रोड मोकळा नव्हता, कधी असतो?
पण सिग्नल हिरवा होता.

पर्स तिकडे, फोन तिकडे,
किंमत अजून ठरायचीय.
घंटी वाजवली.
कोणी बाजूला झालं नाही. पुणंच ते.

तशीच पुढे गेले.