शेरा

पाण्याच्या टाकीवर अकराव्या पायरीला रेंज येते.
तिथे उभं राहून निरोप वाचते:
पुढील पाच दिवस, कमाल त्रेचाळीस ते पंचेचाळीस,
रात्रीही उकाडा, वारा मंद,
आकाश निरभ्र.
खाली येऊन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर उतरवते.
खडू पाण्यात बुडवून लिहिलं की वाळल्यावर अक्षर ठसठशीत उठतं.
महिन्याला पाचशे रुपये आहेत या अक्षराचे,
तेही दोन महिने थकलेत.

निरभ्र लिहिताना हात अडतो.
पाठीमागे डोंगर असायला हवा, तो नाही.
परवा अर्धा होता.
आज बोडीच्या पाळीपर्यंतच गाव आहे, पुढे मळकं दूध.
सूर्याकडे सरळ बघता येतं,
मुरलेल्या लिंबाची फोड, बरणीच्या तळाशी.

वणवा विझून चार दिवस झाले म्हणतात.
परसराम हलामी म्हणतो, विझत नसते बाई,
सागाचं खोड आतल्या आत खात बसते,
वरून पाहशील तर झाड उभंच.
नऊ दिवस तो हिरव्या डहाळीनं जाळ झोडपत होता.
आता अंगणात खाटेवर डोळा लागला की
त्याचा उजवा हात आपला आपण हलतो.
बायकोनं खाट भिंतीपासून दूर सरकवली आहे.

ताकाला धुराचा वास येतो.
उशीला, पोराच्या वहीला, रेशनच्या तांदळाला.
अंगणवाडीत तेरा लेकरं खोकतात, त्यांतली दोन
खोकण्याचाच खेळ करून हसतात.
कुठल्या रकान्यात घालू हे?
तापमान, वारा, पाऊस, आकाश,
आणि कडेला एक अरुंद रकाना: शेरा.
तिथे मी नेहमी आडवी रेघ मारते.

काल वनरक्षक आला. चूळ भरली, ती काळी पडली.
म्हणाला, वाऱ्याची वही असते ना तुमच्याकडे?
सतरा तारखेची दुपार दाखवा.
सतरा तारीख: वारा पश्चिमेकडून, तीननंतर जोर.
जंगलाच्या पश्चिमेला आमचे चार मोह.
वही तालुक्याला गेली, म्हणाले.
वही माझ्या मांडीखाली होती.

सासू दर चैत्रात मोहाखालचा पाला पेटवते.
पाल्यात फूल हरवतं, राखेवर दिसतं,
काळ्यावर फिकं पिवळं, पहाटे टोपली भरेस्तोवर.
खराटा घेऊन ती जाळाशी बसून असते,
जाळ धुऱ्यापाशी आला की दोन फटके देते,
दावं सोडून पळणाऱ्या वासराला द्यावेत तसे.
चाळीस वर्षं वासरू ऐकत आलं.

आज ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली.
तिला अक्षर येत नाही.
काय लिवलीस?
वाचून दाखवलं. ऊन, वारा, निरभ्र.
निरभ्र म्हंजे?
आभाळात काही नाही.
तिनं पदरानं डोळे पुसले
(सध्या सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आहे)
आणि डोंगराच्या जागेकडे बोट केलं.
मंग ते काय आहे? खोटं काहून लिवतेस?
मी गप्प.
धूर लिव, म्हणाली. कोनाचा म्हणून कोनी इचारलन,
तर मी आहो घरी. मी सांगतो.

खडू बुडवला.
शेऱ्याच्या रकान्यात दोनच अक्षरं, नेमकी मावली.
ओली असेपर्यंत दिसतही नव्हती.
ती वाळायची वाट बघत आम्ही दोघी उभ्या राहिलो,
टोपली तिच्या कमरेला,
तळाशी हंगामातली शेवटची दहाबारा फुलं,
त्यांनाही तोच वास.