इतिवृत्त

इतिवृत्तात मी एकच ओळ लिहिली:
'प्रस्तावित कर्मचारी कपातीबाबत नागरिकांनी चिंता व्यक्त केली.'
आमच्या नगरपालिकेत चिंता अशीच व्यक्त होते,
नावगाव न सांगता.

बाहेर ओहायोतला फेब्रुवारी,
पार्किंगच्या कडेला काळा पडलेला बर्फ.
आत खुर्च्या ऐंशी.
माणसं किती, ते दारातला कोल्टन मोजत होता.
या खोलीत एकशेदहाच्या वर माणूस नको,
हा अग्निशमन दलाचाच नियम
आणि कोल्टनही त्यांचाच.
एकशेदहानंतर त्याने मोजणं सोडून दिलं.

यादी मीच टाईप केली होती,
शुक्रवारी, दार लावून.
सात बंबवाले, चार पोलीस.
शेवटी आला तो आधी जाणार, असा करार आहे.
कोल्टन ब्रँडेनबर्ग तिसरा.
त्याला ठाऊक नव्हतं.
मी त्याला कॉफी नेऊन दिली
आणि साखर दोनदा घातली.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
माझ्यासमोर दिव्यांचा डबा: हिरवा, पिवळा, लाल.

व्हर्ना स्टोल्ट्झ काठी टेकत आली.
म्हणाली, माझा नवरा स्वयंपाकघरात पडला
तेव्हा हे लोक चार मिनिटांत आले.
चार मिनिटं म्हणजे किती
ते काल अंडं उकडून पाहिलं.
बलक अजून वाहत होता.
आठ मिनिटांनी दुसरं फोडलं.
एवढंच बोलून ती बसली,
दिवा हिरवाच होता.

ऑर्विल टकेट टोपी न काढता उभा राहिला.
पेपर मिल बंद झाली तेव्हा आम्ही चारशे होतो,
आमच्यासाठी कुणी सभा भरवली?
घरपट्टी तिसऱ्यांदा वाढवा म्हणता,
देऊ कुठून, कवळी विकून?
मागून कुणीतरी हुर्यो केली.
पण त्याचंही खोटं नव्हतं.
त्याची थकबाकीची नोटीस माझ्याच सहीने जाते.

जनेसा प्रिडी म्हणाली,
आमच्या गल्लीत पोलिसांची गाडी वळली
की मी आधी भावाचे हात बघते,
खिशात तर नाहीत ना.
आणि जानेवारीत मागच्या दाराची काच फुटली
तेव्हा रात्री दोन वाजता
फोन मी त्यांनाच केला.
या दोन्हीचं काय करायचं
ते तुमच्या तक्त्यात कुठे बसतं, दाखवा.
अर्थाधिकाऱ्याने तक्ता मागेपुढे केला.
पडद्यावर लाल खांब हलले.

मग शाळेची बस चालवणारी रोसाल्बा माइकपाशी आली.
तिला दोन नंबरच्या स्टेशनाबद्दल बोलायचं होतं.
ते बंद झालं तर रुळांपलीकडच्यांना
अलीकडूनच बंब जायचा.
तिने 'रूळ' म्हणायला तोंड उघडलं
आणि मालगाडी आली.

खिडक्या थरथरल्या.
रोसाल्बा बोलली नाही, फक्त खिडकीकडे हात केला
आणि तो तसाच ठेवला.
सवयीने सगळे डबे मोजू लागलो,
व्हर्ना, ऑर्विल, महापौरबाईसुद्धा,
ओठ हलताना दिसत होते.
साठ. सत्तर. तेलाच्या टाक्या, मग रिकामे सांगाडे.
हिरवा गेला.
पिवळा गेला.
लाल लागला तरी गाडी चालूच.
'वेळ संपली' असं म्हणायचं काम माझं.
मी म्हटलं.
कुणालाच ऐकू गेलं नाही.

मतदान पुढच्या मंगळवारी.
खुर्च्या उचलायला कोल्टन थांबला,
म्हणाला, आज बरेच लोक आले, नाही?
मी म्हटलं, हो, बरेच.
किती, ते त्यालाही माहीत नव्हतं.

घरी जिन्यात धुराचा अलार्म
दिवाळखोर पाखरासारखा
मिनिटाला एकदा टिवटिवत होता,
थँक्सगिव्हिंगपासून.
स्टूल घेतलं, चढले.
पर्समधून नऊ व्होल्टची बॅटरी काढली आणि बसवली.
बॅटरी नगरपालिकेची,
दिव्यांच्या डब्यातली.

इतिवृत्तात हे नाही.