समासातले आकडे

सावद्याला, स्टेशनच्या रस्त्यावर आमचा वजनकाटा.
केळीचा ट्रक येतो. मी वहीत लिहितो :
गाडी नंबर, भरलं वजन, खाली वजन, निव्वळ.
आणि समासात, पेन्सिलीनं, बारीक :
एकतीस.
सत्तावीस.
चोवीस.

ह्या लालीच्या गोचिड्या.

लाली म्हणजे काट्यावरची कुत्री. कुणी आणलेली नाही.
चैत्रात एका ट्रकखाली सावलीला आली,
ट्रक सावली घेऊन निघून गेला,
ही तिथंच बसून राहिली.
कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी
एरंडीच्या बियांसारख्या टरारलेल्या.

मेडिकलवाला म्हणाला, मानेवर टाकायचं औषध आहे,
एक नळी पाचशे चाळीस, महिनाभर बघायला नको.
माझा रोज चारशे.
मी म्हटलं, दाखव तरी.
करंगळीएवढी होती. उजेडाकडं धरून पाहिली, परत दिली.

डिगंबर म्हणाला, रॉकेल चोळ.
हुरमतबाईनं त्याला तिथंच झापलं :
"पह्यले आपल्या आंगाले चोळून पाह्य.
कातडी निंघीन तिची, चाटीन तं मरीन."
हुरमतबाई तडवी वीस वर्षं घड उचलते आहे.
तिच्या शब्दाचं वजन आम्ही दुसऱ्यांदा करत नाही.

तिनं कुत्रीकडं पाहिलंसुद्धा नाही.
माझ्या केबिनच्या भिंतीशी गेली,
केसांतली पिन काढली, एका फटीत फिरवली.
भिंत चालायला लागली.

"कुतरीवर तीस हायेत, इथं तीन हजार.
तू पाहुने मोजून राह्यला भो,
त्याह्यचं घर कुढी हाये ते पाह्य."

मग दहा रुपयांचा चुना,
शेजारच्या बांधकामावरची सिमेंटची रिकामी गोणी झटकून निघालं तेवढं सिमेंट,
आणि मोडका चमचा.
दोन दुपारी फटी लिंपत बसलो.
लालीचं बारदान पत्र्यावर टाकायचो बारा वाजता :
वैशाखातला आमचा पत्रा, बिनपैशाचा तवा.
पुढं बारदानही गेलं. केळीची वाळकी पानं अंथरायची,
आठ दिवसांनी जाळायची, नवी अंथरायची.
सावद्यात केळीच्या पानाला कोण पैसे मागणार?

कडुनिंबाचा पाला उकळून, गार करून अंघोळ घातली एका रविवारी.
निम्म्यात निसटली, ओलीच काट्यावर जाऊन उभी राहिली.
आत आकडा लागला : वीस.
खाली वजन घ्यायचं राहून गेलं.

रात्री बल्बखाली चिमटा.
कातडीला लागून धरायची, सरळ ओढायची,
पिळायची नाही, नखानं फोडायची तर नाहीच.
साबणाच्या पाण्याची वाटी शेजारी.
पहिले चार दिवस ती गुरगुरली.
पाचव्या दिवशी एक कान झाला की
दुसरा स्वतःच वळवून दिला.

अठरा. अकरा. अकरा. सहा.

एकदा चावदसशेठनं वही उचलली.
चष्मा कपाळावरून खाली आला.
"हे काय? एकतीस, सत्तावीस, चोवीस...
कोनाचे किलो कापून राह्यला तू?"
दोन ड्रायव्हर चहा पिता पिता थांबले.
माझ्या तोंडाला कोरड.
"गोचिड्या," मी म्हणालो.
"काय?"
"गोचिड्या, शेठ. लालीच्या."
नाव ऐकून लाली उठली,
शेठच्या पायाशी आली आणि वेळ झाली समजून
कान वळवून बसली.

शेठ बराच वेळ त्या कानात पाहत होते.
मग आवाज खाली आणून म्हणाले,
"आमच्या बंगल्यावर जर्मन हाये. महिन्याले दोन हजार जाता त्याच्यावर.
तरी सोफ्यावर चालता.
चुना... कोनता घेतला होता रे?"

हुरमतबाई घड ठेवून हसली. मोठ्यानं नाही.
बंगल्यावर गेली ती दुसऱ्या दिवशी, पिन घेऊन.
शंभर रुपये आधी मोजून घेतले.

परवा समासात शून्य लिहिलं.
पेन्सिलीनं लिहावं की पेनानं, इतपत विचार केला.
पेन्सिलीनंच लिहिलं.
आज कानामागं एक सापडली, तिळाएवढी.
शून्याखाली एक लिहिलं.
बाहेर ट्रकचा हॉर्न. उठलो.