बरगे

दिवाळी उरकली की नदी रोडावते.
पाटबंधारे खात्याची चिठ्ठी यायच्या आधीच
तिला कळलेलं असतं, आता अडवायला येणार.

बंधारा दोन राज्यांत आहे.
सात गाळे पलीकडच्या बोळेवाडीचे,
सात आमच्या हंचिनकट्टीचे,
आणि मधला आठवा,
तिकडून मोजला तरी आठवा, इकडून मोजला तरी आठवाच,
कुठल्याच नकाशात नीट बसत नाही.
इंजिनिअर येतात दोन,
दोन जीपगाड्यांतून, दोन वेगळ्या महिन्यांत.
दोघंही आठव्यापाशी थांबतात,
बुटाकडे बघतात, परततात.

बरगे मात्र एकाच शेडात झोपतात,
दोनशे बारा, लाकडी, कडेला लोखंडी पट्टी,
पावसाळाभर दस्तगीर मुल्लाच्या कुत्रीच्या राखणीत.
वही माझ्याकडे.
डावं पान मी मराठीत लिहिते,
उजवं मल्लव्वा कन्नडमध्ये.
बेरीज दोघींची एकच यावी लागते.
नाही आली तर आधी चहा, मग पुन्हा मोजणी.

मोजणी अशी:
वरून सातगोंडा सोडतो, ओंदु,
खालून भैरू झेलतो, दोन,
मूरु, चार, ऐदु, सहा,
कंबरभर पाण्यात, दात वाजवत.
हिडी म्हटलं की धरायचं,
सोड म्हटलं की सोडायचं,
एवढं व्याकरण पाण्यात पुरतं.
बोट चेंगरलं तर शिवी
ज्याची त्याच्या आईच्या भाषेत.

औंदा एक बरगा कमी भरला.
आठव्या गाळ्यातच.

तुमच्या गुऱ्हाळात जळला, हे म्हणाले.
तुमच्या चहाच्या टपरीपुढं बाकडं झालंय त्याचं, ते म्हणाले.
मग कुणाच्या आजानं कुठल्या साली
कुणाची मोटर बंद पाडली, तेही निघालं,
कुणाची लाईट दिवसा, कुणाची रात्री,
कुणाच्या पोराला कुठल्या भाषेतल्या फॉर्मनं नोकरी नाकारली.
एका फळीएवढ्या भोकातून
इतकं सगळं आलं.
मल्लव्वानं पेनाला टोपण घातलं.
पाणी चाललंच होतं.

तेवढ्यात दस्तगीरची नात शमीम
बाभळीच्या जाळीतून काहीतरी ओढत आली.
पत्र्याची पाटी. पुरात आडवी झालेली.
एका अंगाला स्वागत, दुसऱ्या अंगाला धन्यवाद,
कुणाचं स्वागत, कुणाचे धन्यवाद,
हे तुम्ही कुठल्या बाजूनं येताय त्यावर.
हिलाच दरसाल रात्रीतून कुणीतरी काळं फासतं,
कधी या अक्षरांना, कधी त्या.
सकाळी पोलीस, दुपारी बंद,
संध्याकाळी दुधाचे कॅन पुन्हा पुलावरून.

सातगोंडानं वितीनं मोजली.
बसते, म्हणाला.

भैरू पाटी घेऊन पाण्यात उतरला आणि अडला.
“कुठलं तोंड वर?”

कुणी बोललं नाही.
दोन्ही काठांवर माणसं उभी,
हातात घमेली, तोंडात तंबाखू,
आणि एकही थुंकेना.

गंगव्वा हुद्दार तेवढी हलली.
गाळाची काळी माती, बरग्यांच्या फटीत ठासायला आणलेली,
तिनं ओंजळीनं उचलली
आणि भाकरी थापावी तशी थापली पाटीवर.
स्वागत गेलं.
“तिरगस,” ती भैरूला म्हणाली.
त्यानं उलटी केली.
धन्यवाद गेलं.
त्या पाटीला इतकं काळं
आजवर कुणी फासलं नव्हतं,
तेही भर दिवसा, फौजदाराचा भाऊ समोर उभा असताना.

मग “हिडी,” कुणीतरी ओरडलं,
आणि सगळ्यांनीच धरलं.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं:
बरगे दोनशे अकरा, पाटी एक.
मल्लव्वा उजव्या पानावर बराच वेळ लिहीत बसली.
मला तिची लिपी अडखळत वाचता येते,
बाराखडीपुरती.
काय गं एवढं, मी विचारलं.
पाण्याकडे बघत म्हणाली,
“काही नाही. थोडं गळतंय अजून.
उद्या ये म्हटलंय दोघांनाही,
माती घेऊन.”