सोळा कबुतरं

रात्री एक चाळीसला मेसेज आला:
"कबुतरं तू ने. सोळा आहेत.
पांढरीच्या पायाला औषध लावावं लागतं."

आधी हसूच आलं.
वीस वर्षांत ज्यानं मला
एका पिसाला हात लावू दिला नाही, तो भरमा
अख्खं खुराडं देऊलालाय म्हणे.

खासबागेत लाईट गेली होती.
मागांचा खटखटाट थांबला की
आमच्या गल्लीला झोप लागत नाही, उलट जाग येते.
मी टाईप केलं, "सकाळी बघू."
अंगठा तसाच राहिला वर.
मग एकेक अक्षर पुसलं.
त्या रात्री माझ्या हातून
एवढंच एक शहाणं काम आपसूक झालं,
बाकीचं सगळं घाबरत.

फोन लावला. उचलला नाही.
परत लावला. परत.
पाचव्यांदा नुसता श्वास.

आमच्यात रात्री सापाचं नाव घेत नाहीत,
लांबडं म्हणतात.
पण लांबडं म्हणून भागणार नव्हतं.
सरळ विचारलं,
"भरमा, जीव द्यायचं मनात आहे काय तुझ्या?"
विचारल्यानं ते येत नाही.
ते आधीच येऊन बसलेलं असतं कोपऱ्यात,
आपण फक्त बॅटरी मारायची.

खूप वेळ काही नाही.
मग, "हं."

तोंडाशी आलेलं सगळं गिळलं,
पोरीकडं बघ, आईकडं बघ, देवानं दिलेला जन्म...
त्याला ते पाठ होतं.
त्याच पाठांतराखाली तर दबून बसला होता.
म्हटलं, "बोल, नाहीतर बोलू नको.
मी फोन ठेवत नाही."

बायकोच्या फोनवरून नीलव्वाला उठवलं.
वडगावात त्याच्या भिंतीला तिची भिंत.
माझं कन्नड बाजारापुरतं, भाव पाडण्यापुरतं:
"अव्वा, एळ्री. भरमान मनीगे होग्री.
एनू केळबॅड्री. सुम्न कुंद्री."
उठा. जावा. काही विचारू नका. नुसतं बसा.
ज्या भाषेशी आमचं एवढं भांडण,
तिच्यात मला इतकं येतं
हे मलाच माहीत नव्हतं.

पोचलो तर ती उंबऱ्यात,
मोबाईलच्या उजेडात मसूर निवडत बसलेली,
जणू रात्री दोनला हेच काम राहिलं होतं.
घरात जे नको होतं ते तिनं
कधीच उचलून आपल्याकडं नेलं होतं.
बोभाटा नाही.

तीनच्या सुमारास लावला, एक चार चार एक सहा.
भरमा आधी मराठीत बोलला, मग कन्नडात,
मग दोन्ही संपल्यावर रडला.
पलीकडचं माणूस थांबून राहिलं.
थांबतात कसं, हे मी तिथं ऐकून शिकलो.

कारण काय, लोक अजून विचारतात.
मागावर धागा तुटला की बोटाला जागा कळते.
इथं नाही कळली.
आणि कळलं तेवढं त्याचं आहे, मी सांगणार नाही.

उजाडल्यावर म्हणाला, "कबुतरं नेणारेस नव्हं?"
"नेतो की. आठ दिवस. उसनी."
नेली, टेम्पोच्या दोन खेपांत.
दुसऱ्या दिवशी दार उघडलं
आणि पंधरा भुर्र करून वडगावला परत.
दुपारी त्याचा फोन, चिडलेला:
"पंधराच आली. पांढरी कुठाय?
तुला औषध लावता येत नाही, आणून सोड तिला.
आणि येताना दाणा आण. घरात चिमूट नाही."

त्याचं असं चिडणं
किती दिवसांनी ऐकलं मी.

आता दर मंगळवारी सिव्हिलला जातो दोघं.
गोळ्यांनी तोंड सुकतंय म्हणतो, तक्रार करतो.
बरा झाला असं मी म्हणत नाही.
नीलव्वाच्या घरी अजून एक पिशवी आहे,
ती त्यानं मागितली नाही, तिनं दिली नाही.

काही रात्री एक चाळीसला मोबाईल वाजतो.
कधी "जागा आहेस काय?"
कधी नुसता पांढरीच्या पायाचा फोटो.
मी उठून बसतो,
चष्मा शोधतो,
उत्तर लिहितो. तेव्हाच्या तेव्हा.