चाचणीच्या दिवशीचा वेग

हिद्दच्या गोदीत मी टगबोटींची वजनं मांडतो.
साखळदंड इतके टन, रंग इतके किलो,
खलाशी प्रत्येकी पंचाहत्तर, सामानासकट.
तक्त्यात माणूस असाच येतो,
हा नियम मी केलेला नाही.

शुक्रवारी मात्र टेबलावर दुसरा कागद पसरतो:
शंभरावर वर्षांपूर्वीची एक विनाशिका,
चार धुराडी, लांबी रुंदीच्या दहापट,
आडवी पट्टी ठेवली
तर अख्खी बोट पट्टीखाली हरवते.

वरून हुकूम आला असेल, तीस नॉट पाहिजेत.
आखणाऱ्यानं मग पेन्सिल ठेवून रबर उचलला.
पत्रा एका सुतावर आणला,
धक्क्याला जरा घासली तरी पोचा पडावा इतका.
नाळेला कासवाची पाठ दिली,
लाट अंगावरून घसरून जावी म्हणून.
लाट घसरली खरी,
घसरून थेट सुकाण्याच्या तोंडावर आली.
आणखी एक तोफ हवी? टॉर्पेडो उतरवा.
टॉर्पेडो राहू दे म्हणता, मग कोळसा कमी.
आणि कोळसा भरावा तर बोट पाण्यात बसते,
वेग जातो,
ज्याच्यासाठी हा सगळा संसार उघड्यावर मांडला होता.

तीस नॉट तिनं गाठले. कागदावर शिक्का आहे.
पण चाचणीच्या दिवशी दारूगोळा उतरवलेला,
समुद्र तव्यासारखा सपाट,
कोळसा हातानं निवडलेला, तांदळातले खडे काढावेत तसा,
आणि भट्टीवर माणसं कारखान्याची, ताजी, दुप्पट मजुरीची.
त्या दिवसानंतर तीस पुन्हा कुणी पाहिले नाहीत.

ती इकडे आखातात कधी आली होती का, ठाऊक नाही.
मीच तिला आणतो, तेही ऑगस्टात.
वाफेचं परत पाणी व्हायला समुद्र गार लागतो
आणि आपला समुद्र म्हणजे
आंघोळीला काढून ठेवलेलं पाणी.
बुडाला कालवं धरतात.
डेकवर अनवाणी उभं राहवत नाही,
खाली भट्टीपाशी काय असेल
ते मी आकड्यात मांडायचं टाळतो.

पुढे दुसऱ्या कुणी नाळ उंच केली,
पत्रा जाड घेतला, वेग पंचवीसवर आणला.
हसले असतील लोक, पाच नॉट विकून कोरडे पाय घेतले म्हणून.
मग वारा उठला.
तीसवाली बारावर आली, नाक पाण्यात,
पंचवीसवाली अठरानं चालत राहिली.

हे सगळं मी क्रेनवरच्या बूखमीसला सांगतो.
त्याचा आजा मुहर्रकला बगले बांधायचा, कागदाशिवाय,
दोरी आणि डोळा.
तो म्हणतो, आमच्याकडे नाखवा एकच विचारायचा,
खजूर किती मावेल?
मी विचारतो, आणि वेग?
तो वर बघतो. वेग वाऱ्याचा, तो आम्ही कुठे बांधणार.
मग चहात तिसरा चमचा साखर घालतो,
डॉक्टरनं बंद केलेली.

माझीही चाचणी झाली होती, अंधेरीच्या एका हॉटेलात,
एसी खोली, टेबलापलीकडे तिघे.
मी निवडून आणलेली वाक्यं जाळली.
कर्ज किनाऱ्यावर ठेवलं होतं,
बायकोचा सातवा महिना किनाऱ्यावर,
आईच्या डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा.
कुठेही राहीन, म्हणालो. कितीही वेळ.
त्यांनी लिहून घेतलं.
अकरा वर्षं झाली, पगारवाढीच्या दर बैठकीत
तोच आकडा समोर ठेवतात
आणि विचारतात, काय झालं?

कालवं, साहेब. आणि पाणी कोमट आहे.
असं म्हणत नाही अर्थात.

रात्री टगच्या तक्त्यावर परत आलो.
मालकाला अर्धा नॉट जास्त हवाय, कुठूनही काढा म्हणतो.
मी सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या,
साखळदंड, रंग, पिण्याचं पाणी.
खलाशांशी थांबलो.
पंचाहत्तरचे ऐंशी केले.
आठ माणसं, चाळीस किलो,
एखादी जाड चादर, लोणच्याची बरणी,
घरी न्यायचं काहीतरी.

बेरीज पुन्हा केली. वेगात काहीच फरक पडला नाही.
दिवा मालवला.
बाहेर गोदीचा भोंगा, दुसरी पाळी.