नदी उतरेपर्यंत

सकाळी आधी पाय आठवतात,
मग नाव, मग वार. वार नाहीच आठवत.
स्लीपिंग बॅगच्या तळाशी दोघे पडलेले असतात
रात्रभर भांडून कडेला झोपलेल्या भावांसारखे.
उजव्याचं एक नख मागच्या खिंडीतच राहिलं.

हवेची गादी सुस्कारा टाकते. मी टाकत नाही.
कालचे ओले मोजे परत चढवायचे,
ओट्समध्ये गार पाणी, चिमूट मीठ,
चमचा चाटून खिशात.
दाराशी सँडफ्लायची झुंबड; त्यांचाही नाश्ता व्हायचाय.

सव्वीस वर्षं मी साउथलँडात शाळेची बस चालवली.
मुलं, दप्तरं, एकदा तर आजारी कोकरू.
तेव्हा वजन इंजिन ओढायचं.
आता मी टूथब्रशची दांडी करवतीने कापते,
चार ग्रॅम वाचवते, नकाशाच्या कडा कातरते,
आणि पाठपिशवीच्या पोटात
लोकरी टोपीत गुंडाळलेली काचेची बरणी:
प्लमचा जॅम, सहाशे दहा ग्रॅम.

नोलीन, धाकटी. चार वर्षांचा अबोला.
निघायच्या पहाटे पायरीवर बरणी होती,
झाकणावर चिकटपट्टी, तिचं तिरकं अक्षर:
‘ब्लफला पोचलीस की’
एवढंच. ‘की’च्या पुढे काय, ते लिहिलेलं नव्हतं.

म्हणून उत्तरेच्या टोकापासून बरणी माझ्या पाठीवर,
वाळूतून, चिखलातून, मेंढ्यांच्या कुंपणांवरून.
वाटेत भेटलेल्या एका पोराने ती हातात घेतली
परक्याचं तान्हं मूल घ्यावं तशी, आणि लगेच परत दिली.
‘काच?’ तो म्हणाला. ‘अगं, काच?’

फेब्रुवारीत, एका हटपाशी, नदी रात्रीत चढली.
राखाडी पाणी, पोटात धोंडे गडगडवणारं.
आत मी, चूल आणि एक धीट उंदीर.
दुसऱ्या दिवशी अपेराहामा आला निथळत,
खांद्यावर सापळ्यांची पेटी.
स्टोट मारतो तो, पक्ष्यांची अंडी वाचावीत म्हणून;
पंधरवड्यातून एकदा अख्खी दरी पायाखाली घालतो.
त्याच्याकडे पुठ्ठ्यासारखी बिस्किटं,
माझ्याकडे चहा, अर्धं पाकीट नूडल्स.

अडकलेल्या माणसांना बोलायला फार विषय नसतात.
तो म्हणाला, ‘ती उतरेल तेव्हा उतरेल.’
मी म्हणाले, ‘हं.’
त्याने गुडघ्याला तेल चोळलं, मी टाचेवरचा फोड फोडला.
तिसऱ्या संध्याकाळी नुसती बिस्किटं उरली
आणि मी टोपी उलगडली.

झाकण निघेना. सुरीच्या मुठीने त्याने कडेला ठोकलं.
टॉक.
एवढासा आवाज, पण पत्र्यावरच्या पावसातही ऐकू आला.
आंबट. साखर कमी. नोलीनची साखर नेहमीच कमी.
‘कुणी केलाय?’
‘बहिणीने,’ मी म्हणाले, आणि तो शब्द
चार वर्षांत पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडला,
बिस्किटाच्या चुऱ्यासकट.

चौथ्या दिवशी पाणी मांडीवर आलं.
कमरेचे पट्टे सोडले, एकमेकांच्या पाठपिशव्या घट्ट धरल्या,
तिरके तिरके उतरलो.
मधोमध तो काहीतरी ओरडला.
ऐकू आलं नाही, मी ‘हो’ म्हटलं.

पलीकडे त्याने बरणी मागितली, आमिष ठेवायला.
दिली नाही.

रिकामी बरणीसुद्धा दोनशे चाळीस ग्रॅम भरते.
तिच्यात आता वापरलेली टेप, चहाच्या पिशव्या,
नूडल्सची पाकिटं, मी मागे टाकायचं नाही असलं सगळं.
चिकटपट्टीवरचा ‘की’ पुसट झालाय.
वरून चमचा टाकला तर पावलागणिक वाजतो
माझ्या बसच्या मागच्या दारासारखा,
जे सव्वीस वर्षांत कुणी दुरुस्त केलं नाही.
काढून खिशात ठेवता येईल.
ठेवत नाही.